वडिलांच्या बाजूने

महसूल खात्यात मी सत्तावीस वर्षे नोकरी केली आहे, आधी तलाठी आणि नंतर मंडळ अधिकारी म्हणून, आणि ती सगळी सांगली जिल्ह्यात. मयत खातेदाराचे नाव कमी करायचे, त्याच्या मुलामुलींची आणि पत्नीची नावे वारस म्हणून लावायची, नोटीस काढायची, हरकत न आल्यास नोंद प्रमाणित करायची, हे काम इतके अंगवळणी पडले होते की कोणाच्या घरात कोण कोणाचा कोण, हे मला दोन प्रश्नांत कळत असे. तरीही माझ्या स्वतःच्या वडिलांकडून मला आणि माझ्या बहिणीला काय मिळाले आहे, हे कळेपर्यंत माझ्या वयाची एक्कावन्न वर्षे उलटून गेली होती. ते ज्या तपासणीतून कळले तिच्याविषयी, आणि विशेषतः पुरुषांनीही ती करून घेण्याविषयी, आमच्याकडे फार थोडे बोलले जाते; म्हणून हे लिहीत आहे.

२०२३ च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचे पोट फुगू लागले. ती तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होती. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटायचे, साडी कमरेला घट्ट व्हायची, आणि पाळी जाण्याचे वय जवळ आले आहे म्हणून असे होत असेल, अशी समजूत तिनेही करून घेतली आणि आम्हीही. चार महिने पित्ताची औषधे झाली. शेवटी सोनोग्राफीत पोटात पाणी दिसले, रक्तातील सीए-१२५ हा घटक कितीतरी पटींनी वाढलेला आढळला आणि सीटी स्कॅननंतर अंडाशयाचा कर्करोग, तोही तिसऱ्या टप्प्यातला, असे निदान झाले. पुण्यात उपचार सुरू झाले. आधी तीन केमो, मग मोठी शस्त्रक्रिया, मग पुन्हा तीन केमो, असा तो क्रम होता.

सुरुवातीला दाखवले त्या ठिकाणी घरातील आजारांची माहिती भरण्यासाठी एक कागद दिला होता. त्यात आई, मावशी आणि आजी यांना कर्करोग होता का, एवढेच विचारले होते. आमची आई ठणठणीत, दोन्ही मावश्या ठणठणीत, आईची आई नव्वदीत गेली. आम्ही तिन्ही रकान्यांत ‘नाही’ असे लिहिले आणि घरात असे काही नाही या समाधानात परत आलो. त्या कागदाचा राग मला आजही येतो. वडिलांच्या बहिणीविषयी विचारणारा एकही रकाना त्यात नव्हता आणि आम्हालाही ती त्या वेळी आठवली नाही.

पुण्याच्या कर्करोगतज्ज्ञांनी मात्र दुसऱ्या केमोच्या वेळीच बहिणीची जनुकीय तपासणी करायला सांगितली. अंडाशयाचा हा प्रकार असला की घरात इतर कोणाला कर्करोग असो वा नसो, प्रत्येक रुग्णाची ही तपासणी करावी, असाच आजचा वैद्यकीय संकेत आहे, असे ते म्हणाले. त्यामागे तातडीचे कारण होते ते औषधाचे. विशिष्ट जनुकात दोष सापडला तर केमो संपल्यावर ओलापॅरिब नावाच्या गोळ्या देता येतात आणि आजार परत येण्याचा काळ त्या बराच लांबवू शकतात. आमच्यापुढे तेव्हा तेवढाच विचार होता. ही तपासणी एका रुग्णाची असली तरी तिचे उत्तर अख्ख्या घराला लागू पडते, हे आमच्या ध्यानातही नव्हते.

चार आठवड्यांनी अहवाल आला आणि त्याच संध्याकाळी बहिणीचा फोन आला. ‘दादा, बीआरसीए-१ मध्ये दोष निघालाय. तुझी आणि धाकट्याची पण तपासणी करून घ्या म्हणताहेत.’ मी म्हणालो, ‘अगं, हा बायकांचा आजार. आमची कशाला?’ ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘तुला मुलगी आहे ना.’

जनुकीय समुपदेशन हा शब्द मी त्याआधी ऐकलेला नव्हता. पुण्यात समुपदेशक मॅडमनी आम्हा दोघा भावांना सव्वा तास दिला आणि पहिली चाळीस मिनिटे त्यांनी रक्ताचा विषयच काढला नाही. मोठा कोरा कागद आडवा ठेवून त्या पेन्सिलीने वंशावळ काढत होत्या. पुरुष म्हणजे चौकोन, स्त्री म्हणजे वर्तुळ, मयत असल्यास त्यावर तिरकी रेघ, कर्करोग झाला असल्यास आत काळा रंग, आणि प्रत्येकाखाली आजाराच्या वेळचे वय व मृत्यूचे वय. मी आयुष्यभर वंशावळी तपासल्या होत्या, पण अशी वंशावळ माझ्यासमोर कधी आली नव्हती. आमच्या घरी पूर्वी हेळवी येत असे आणि ओसरीवर बसून आमच्या सात पिढ्या वाचून दाखवत असे. त्या सात पिढ्यांत जी नावे मी ऐकली ती सगळी पुरुषांची होती. मॅडमना हवी होती ती नेमकी उरलेली माणसे. वडिलांना बहिणी किती? त्या कशाने गेल्या? कितव्या वर्षी? त्यांच्या मुली आज कोठे आहेत?

आत्या कशाने गेली, हे तिथे बसल्या बसल्या मला आठवले. ‘पोटात पाणी झाले’ असेच घरात म्हणत. मी तेव्हा शाळेत होतो. तिला मिरजेला नेले होते, तिथे सुईने पोटातले पाणी काढले, ती घरी आली, पुन्हा पोट वाढले. १९८७ साली ती गेली तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. बहिणीच्या पोटातही पाणीच झाले होते, आणि चार महिन्यांत आमच्यापैकी एकाच्याही तोंडून आत्याचे नाव निघाले नव्हते. त्याच कागदावर आणखी एक वर्तुळ काळे झाले. आत्याची थोरली मुलगी इचलकरंजीला असते आणि तिला अडतिसाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता. ती त्यातून बरी झाली, म्हणून तिच्याविषयी बोलताना आजाराचा उल्लेख आम्ही टाळत असू. रात्री मी काकांना फोन केला. ते ऐंशीचे आहेत. त्यांनी बराच वेळ घेतला आणि मग सांगितले की त्यांच्या आईच्या, म्हणजे आमच्या आजीच्या छातीत गाठ होती, ती पुढे फुटली होती आणि त्या खोलीत मुलांना जाऊ देत नसत. आजी गेली तेव्हा तिची चाळिशीही उलटली नव्हती.

आजी, आत्या, आत्येबहीण आणि माझी बहीण या चार स्त्रियांच्या मधोमध एक चौकोन होता, आणि तो अगदी स्वच्छ होता. ते आमचे वडील. ते शहात्तराव्या वर्षी हृदयविकाराने गेले आणि त्यांना कर्करोगाने कधी शिवलेही नाही. त्यांच्या स्वच्छ चौकोनामुळेच आमच्या घराला आजीपासून बहिणीपर्यंतची रेघ जोडता आली नव्हती.

मॅडमनी त्यानंतर जे समजावले ते मी माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. बीआरसीए-१ हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असते आणि ते प्रत्येकाकडे असते, पुरुषाकडेही. त्यावरून तयार होणारे प्रथिन पेशीतील डीएनएचे तुटलेले धागे सांधण्याच्या कामात असते. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एक प्रत जन्मापासून निकामी असली तरी दुसरी काम करत राहते, म्हणून मूल धडधाकट जन्मते आणि तसेच वाढते. मला यावर कोषागाराची खोली आठवली. तिला दोन कुलपे असतात आणि त्यांच्या किल्ल्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. एक कुलूप आधीपासूनच बिघडलेले असले तरी दार बंदच राहते, पण त्या दाराचा सगळा भार उरलेल्या एका कुलपावर येतो. आयुष्यात कधीतरी, एखाद्या पेशीत, ते दुसरेही बिघडले की त्या पेशीतील चुका साचू लागतात. अल्फ्रेड नडसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने लहान मुलांच्या डोळ्यांच्या कर्करोगाचा अभ्यास करून १९७१ साली हीच दोन आघातांची कल्पना मांडली होती. स्तनाच्या कर्करोगामागे असे एखादे वारशाने येणारे जनुक असू शकेल हे फारसे कोणी मानत नसताना मेरी-क्लेअर किंग या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ बाईंनी सतराव्या गुणसूत्रावरील त्याची जागा १९९० मध्ये दाखवली आणि १९९४ मध्ये ते जनुक हाती लागले. आत्या गेली ते वर्ष १९८७. तिच्या मुलींचे रक्त तपासून हा दोष सांगण्याइतके ज्ञान तेव्हा जगात कोणाकडेच नव्हते. २००९ साली तिच्या मुलीला आजार झाला तेव्हा मात्र ते होते, आणि तरीही आमच्यापर्यंत पोहोचले नव्हते.

धोक्याचे आकडे मॅडमनी आडपडदा न ठेवता सांगितले. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ७२ जणींना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो आणि सुमारे ४४ जणींना अंडाशयाचा. बीआरसीए-२ या दुसऱ्या जनुकात हेच प्रमाण सुमारे ६९ आणि १७ असे आहे. सर्वसाधारण स्त्रीत अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका शेकडा एक-दोन इतकाच असतो. त्याच वेळी त्यांनी हेही बजावले की दोष असणे म्हणजे कर्करोग असणे नव्हे, आणि स्तनाच्या कर्करोगाच्या एकूण रुग्णांत असा वारसा शेकडा पाच ते दहा जणींतच सापडतो. पुरुषाला बीआरसीए-१ मुळे स्वतःला होणारा धोका बराच कमी आहे; पण अपत्याला तो दोष देण्याची शक्यता पुरुषाची आणि स्त्रीची सारखीच, प्रत्येक वेळी निम्मी. मुलगा किंवा मुलगी याने त्यात काही फरक पडत नाही. आमच्या भागात बहिणी भावांच्या नावे जमिनीचे हक्कसोडपत्र करून देतात आणि अशी कितीतरी पत्रे मी नोंदवली आहेत. या वारशात तशी सोय नाही.

रक्त घेण्याचे काम पाच मिनिटांचे होते. आधी संमतीपत्र वाचून घेतले, मग जांभळ्या झाकणाच्या नळीत थोडेसे रक्त. बहिणीच्या वेळी अनेक जनुके पूर्ण वाचावी लागली होती आणि खर्च पाच आकडी झाला होता. आमच्या बाबतीत तिच्यात सापडलेली एकच जागा पाहायची होती, म्हणून तो त्याच्या एका अंशात भागला. घरातील आजारी व्यक्तीची तपासणी आधी करावी, असे का सांगतात, ते यावरून कळते. कोणती जागा पाहायची हे ठाऊक नसताना निरोगी माणसाची तपासणी केली आणि काही सापडले नाही, तर त्या ‘नाही’वर पुरता भरवसा ठेवता येत नाही.

बहिणीच्या अहवालात दुसऱ्या एका जनुकातही एक बदल नोंदवला होता आणि त्यापुढे ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा होता. ती त्या शेऱ्यानेच जास्त घाबरली होती. भारतीय लोकांची माहिती जगातील जनुकीय साठ्यांत कमी असल्यामुळे आपल्याकडे असे शेरे तुलनेने अधिक येतात, पुढे त्यांतील बहुतेक निरुपद्रवी ठरतात आणि त्यांच्या आधारे कोणतीही शस्त्रक्रिया करायची नसते, असे मॅडमनी तिला दोनदा समजावले. आमच्या कचेरीत हरकत आलेली नोंद विवादग्रस्त म्हणून वेगळी ठेवतात आणि निकाल लागेपर्यंत तिच्यावरून कोणाचा हक्क ठरवत नाहीत, हे उदाहरण मी बहिणीला दिले तेव्हा ती जरा निवांत झाली.

तीन आठवडे मी कामावर जात राहिलो. पंचनामे केले, ई-पीक पाहणीच्या तक्रारी ऐकल्या. घरी पत्नीशी या विषयावर फारसे बोललो नाही आणि त्याचा तिला त्रास झाला, हे मला उशिरा समजले.

अहवाल घ्यायला आम्ही दोघे भाऊ एकत्र गेलो, पण मॅडमनी आम्हाला एकेकटे आत बोलावले. धाकट्यात दोष नव्हता. माझ्यात होता. मी तो डोळ्यांनी पाहिला, कारण अहवालाला जोडलेला आलेख त्यांनी माझ्यापुढे ठेवला. डीएनएची चार अक्षरे चार रंगांच्या टेकड्यांनी दाखवलेली असतात, हिरवी, निळी, काळी आणि तांबडी. डावीकडून एकामागून एक टेकडी सुटी आणि स्पष्ट येत होती. एका ठिकाणी पोचल्यावर मात्र प्रत्येक टेकडीच्या पोटात दुसरी दिसू लागली आणि तिथून कागदाच्या कडेपर्यंत सगळे एकावर एक चढलेले होते. आईकडून आलेली प्रत सरळ पुढे वाचली जात होती आणि वडिलांकडून आलेल्या प्रतीत दोन अक्षरे गळाल्यामुळे ती दोन घरे पुढे सरकली होती. एकाच वेळी दोन ओळी वाचल्यासारखे ते दिसत होते. १८६३ दुव्यांचे प्रथिन तयार व्हायचे, ते या दोन अक्षरांपायी एकोणचाळिसाव्या दुव्यापाशी थांबते. हा दोष पूर्व युरोपातील ज्यू समाजात पिढ्यान्‌पिढ्या आलेला म्हणून जगात प्रसिद्ध आहे आणि भारतातही अनेक कुटुंबांत तो सापडलेला आहे. मी त्या जागेवर बोट ठेवून बराच वेळ बसलो होतो. माझ्या वडिलांचा एकच फोटो घरात आहे. त्यांची दुसरी काही खूण म्हणून मला तो कागद टाकवेना.

बाहेर धाकटा भिंतीला टेकून रडत होता. त्याला दोन मुली आहेत आणि त्या या दोषातून मोकळ्या झाल्या, पण त्याचा आनंद माझ्यासमोर दाखवण्याची त्याला लाज वाटत होती. मी त्याला जवळ घेतले. त्याच्या मुलींचा धोका आता चारचौघींसारखाच, एवढे एक उत्तर त्या दिवशी आमच्या घराला मिळाले होते आणि ते मला मनापासून हवे होते.

माझ्यासाठी सूचना थोड्या होत्या. छातीत गाठ जाणवते का हे स्वतः पाहावे, वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवावे, प्रोस्टेटच्या रक्ततपासणीविषयी त्यांच्याशी बोलावे. खरे काम पुढे होते. आत्येबहिणींना सांगायचे होते.

इचलकरंजीला मी फोन न करता प्रत्यक्ष गेलो. थोरलीने सगळे शांतपणे ऐकले. धाकटी संतापली. ती बेचाळीस वर्षांची, दोन मुले झालेली, पूर्ण निरोगी. ‘माझ्या आईला गेल्याला एवढी वर्षं झाली, आणि आता तू येऊन तिच्या रक्तात खोट होती म्हणून सांगतोस?’ असे ती म्हणाली. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मी बहिणीच्या अहवालाची प्रत टेबलावर ठेवली, कोणती जागा तपासायची त्याखाली रेघ मारली आणि चहा न घेता परत आलो. दीड महिन्याने तिचाच फोन आला. दोघी बहिणींची तपासणी झाली होती आणि दोघींतही दोष निघाला होता.

या दोषाच्या स्त्रियांना मुले झाल्यावर, पस्तीस ते चाळीस या वयात, अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून टाकण्याचा सल्ला देतात, कारण अंडाशयाचा कर्करोग वेळेत पकडणारी भरवशाची तपासणी आजही नाही. ते वय धाकटीने ओलांडले होते. तिने तीन आठवड्यांत शस्त्रक्रिया करून घेतली. काढलेल्या बीजवाहिन्यांचे अगदी बारीक काप करून तपासतात, कारण हा रोग अनेकदा अंडाशयात नव्हे तर नळीच्या झालरीसारख्या टोकाशी सुरू होतो. तिच्या कापांत काही निघाले नाही. त्यानंतर एका रात्रीत पाळी बंद झाल्यासारखे तिचे झाले. अंगाची लाही, झोप नाही, सांधे दुखणे, आणि हाडांसाठी औषधे. हा त्रास खरा आहे आणि निर्णय घेण्याआधी तो स्त्रीला नीट समजावून सांगितला पाहिजे. स्तनांबाबत तिने शस्त्रक्रियेऐवजी दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी हा मार्ग निवडला आहे. यात तिने दुसरे काही निवडले असते तरी ते तितकेच योग्य ठरले असते, असे माझे मत आहे.

बहीण आता ओलापॅरिबच्या गोळ्या घेते, सकाळ-संध्याकाळ, एकूण दोन वर्षे. कर्करोगाच्या पेशींत दुरुस्तीची एक वाट आधीच बंद झालेली असते. ही गोळी दुसरी वाट बंद करते आणि त्या पेशी मरतात. जो दोष तिच्या आजाराचे कारण झाला, त्यामुळेच हे औषध तिला लागू पडले. तिचे शेवटचे स्कॅन स्वच्छ आहे.

राहता राहिली माझी दोन मुले. मुलगा वीस वर्षांचा आहे. त्याला सांगितले आहे आणि त्याने थोडा वेळ मागितला आहे. मुलगी चोवीस वर्षांची, पुण्यात नोकरी करते, आणि तिच्यासाठी स्थळे येऊ लागली आहेत. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले की लग्न होईपर्यंत हा विषय काढू नये. मला ते पटले नाही. अशा स्त्रियांची एमआरआय तपासणी पंचविसाव्या वर्षापासून सुरू करतात, म्हणजे तिच्या हातात वर्षभराचाही अवधी नव्हता. शिवाय ज्या घरात ती जाईल त्या घरापासून हे लपवायचे, तर उद्या तिच्या मुलीच्या वेळी पुन्हा तोच कोरा रकाना राहील. मी सगळे कागद तिच्यापुढे ठेवले. तिने आलेखावरची ती जागा पाहिली, किती तरी प्रश्न विचारले, आणि म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला माझी काळजी वाटते ते कळतंय मला. पण तपासणी करायची की नाही, आणि केली तर कधी, हे माझं मी ठरवणार.’ मॅडमनीही मला हेच सांगितले होते की सज्ञान व्यक्तीचा हा निर्णय तिचाच असतो आणि न जाणून घेण्याचाही तिला हक्क असतो. चार महिने मी तो विषय काढला नाही, आणि ते चार महिने माझ्या अहवालाच्या तीन आठवड्यांपेक्षा कितीतरी अवघड गेले.

गेल्या सोमवारी तिने रक्त दिले. जाताना आईला बरोबर घेऊन गेली आणि मला रात्री फोनवर सांगितले. अहवाल तिच्या नावाने निघेल आणि तिच्याच हातात पडेल. त्याला अजून सतरा दिवस आहेत.